चातुर्मासाच्या भाज्या, जिऱ्याच्या भरवशावर : प्रकल्प नोंदी

काम असं : आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगं बंद ठेवणाऱ्या स्वयंपाकघरासाठी रोजच्या भाज्या आणि डाव्या बाजूचे पदार्थ बसवायचे. चवीचा मुख्य भार जिऱ्यावर.

मापं सगळीकडे एकच. चमचा म्हणजे चहाचा, ५ मिली. मोठा चमचा १५ मिली. वाटी १५० मिली. सपाट चमचाभर जिरं साधारण २ ग्रॅम भरतं. भाजीचं वजन साफ करून चिरल्यावरचं, ५०० ग्रॅम, चार माणसांना. कढई लोखंडी, तळ जाड.

२० जून २०२५

जिऱ्याची खरेदी, पाव किलो. जिरं हे गुजरात-राजस्थानातलं रब्बीचं पीक, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. गुजरातेतल्या ऊंझ्याच्या बाजारातून पुढे देशभर जातं. त्यामुळे जूनमध्ये नवा माल मिळायला हरकत नसते, पण दुकानदार जुनं आधी काढतो. दोन बोटांत चुरडून वास घ्यायचा. नवं जिरं चुरडल्याबरोबर नाकाला लागतं. जुन्याला नुसता भुश्याचा वास.

दुसरी परीक्षा तळहातावर चोळण्याची. हात काळा झाला, तर गवताचं बी कोळशाच्या भुकटीत घोळून मिसळलेलं आहे असं समजावं. या मालात तसं काही नाही. काड्या-माती निघाली चिमूटभर.

शहाजिरं वेगळं ठेवलं आहे. काळपट, बारीक, किंचित वाकडं. ते गोड्या मसाल्यात दगडफूल-नागकेशराच्या जोडीला जातं. साध्या जिऱ्याऐवजी फोडणीत घातलं तर भाजीला पुलावाचा वास येतो.

२२ जून

फोडणीच्या चाचण्या. प्रत्येक वेळी १ मोठा चमचा शेंगदाण्याचं तेल आणि १ चमचा जिरं, भाजी नाही.

पळीत तेल इतकं थोडं असतं की थर्मामीटरचं टोक बुडत नाही. म्हणून दाण्याचीच परीक्षा ठेवली. जिऱ्याचा एक दाणा टाकायचा.

दाणा तळाशी गप्प बसला : तेल गार आहे. अशा तेलात सगळं जिरं घातलं तर ते तेल पितं, मऊ राहतं, आणि रंग यायला मिनिटभर लागतो. वास येतो पण बसका.

दाण्याभोवती लगेच बारीक बुडबुडे आले आणि तो हलायला लागला : बरोबर. आता जिरं घातलं की १० ते १५ सेकंदांत फुलतं, रंग राखाडीवरून बदामी होतो.

दाणा दोन-तीन सेकंदांत काळपटला : तेल जास्त तापलंय. गॅस बंद करून थांबायचं. या तेलात जिरं घातलंच, तर ते कडू होतं आणि तो कडवटपणा साखर, लिंबू, खोबरं कशानेही झाकत नाही. चमचाभर तेल आहे, टाकून द्यावं. अर्धा किलो भाजी टाकण्यापेक्षा ते स्वस्त.

मोहरी असेल तर आधी मोहरी. तिला तडतडायला जिऱ्यापेक्षा जास्त ताप लागतो. दोन्ही एकदम टाकली तर मोहरी फुटेपर्यंत जिरं जळलेलं असतं. मोहरीचा आवाज मंदावला की आच कमी, मग जिरं, मग गॅस बंद करून हिंग, शेवटी हळद. बाजारी हिंगात पीठ मिसळलेलं असतं, ते उलटून बघेपर्यंत करपतं. हळदीचंही तसंच, म्हणून हळदीमागोमाग लगेच भाजी पडली पाहिजे.

मात्रा : ५०० ग्रॅम भाजीला फोडणीत १ चमचा पुरे. २ चमचे घातल्यावर भाजीला काढ्याचा वास आला.

२४ जून

भाजलेल्या जिऱ्याची पूड. ५० ग्रॅम जिरं, लोखंडी तवा, मंद आच, सतत हलवत. तीन मिनिटांपर्यंत फारसं काही दिसत नाही आणि नेमका इथेच कंटाळून गॅस मोठा केला जातो. चौथ्या मिनिटाला वास बदलतो : कच्चा, किंचित साबणासारखा वास जाऊन भाजलेल्या दाण्यांच्या जवळ जाणारा खमंग वास येतो. तिथून अर्ध्या मिनिटात उतरवायचं.

उतरवायचं म्हणजे ताटात ओतायचं. तव्यातच ठेवून गॅस बंद केलेला पहिला घाणा तव्याच्या उरल्या तापाने काळपट झाला. तो टाकला.

दळण पूर्ण गार झाल्यावर. कोमट जिरं मिक्सरमध्ये वाफ धरतं आणि पूड भांड्याच्या कडेला चिकटून बसते. बटण सलग दाबू नये, चार-पाच झटके. पूड रव्याइतकी जाडसर हवी; मैद्यासारखी केली तर दह्यात घातल्यावर सगळी कोशिंबीर मातकट दिसते. ५० ग्रॅमचे ४७ भरले, बाकी ओलावा गेला.

खलबत्त्यात कुटलेली पूड शेजारी ठेवून चाखली. फरक आहे, पण पहिल्या दिवशीच. आठवड्याने दोन्ही सारख्याच. त्यामुळे मोठा घाणा करण्यात अर्थ नाही. यापुढे एका वेळी २५ ग्रॅम.

२७ जून

जिऱ्याचं तिसरं रूप : कच्चं वाटलेलं. ४ हिरव्या मिरच्या, पाऊण चमचा जिरं, भाजीच्या वाट्याचं अर्धं मीठ. पाणी न घालता ठेचायचं. मीठ खरखरीत असेल तर तेच वाटणाचं काम करतं.

पडवळावर करून बघितलं. पडवळाच्या बिया आणि आतला कापूस काढून अर्ध्या चकत्या, पाव वाटी हरभरा डाळ २ तास भिजवलेली. तेलात फक्त मोहरी, हिंग, हळद. त्यात हे वाटण अर्धं मिनिट परतायचं, मग डाळ, मग पडवळ. झाकणावर पाणी ठेवून १२ मिनिटं. शेवटी २ मोठे चमचे ओलं खोबरं.

वाटण न परतता पडवळावर नुसतं कालवलं तेव्हा कच्च्या जिऱ्याचा उग्र दर्प शेवटपर्यंत राहिला. परतलं तेव्हा मिरची आणि जिरं एकजीव झाले. फोडणीत मोहरी असतानाही या भाजीला जिऱ्याची भाजी म्हणावं इतका वास आला, दाणा मात्र एकही दिसत नाही. मुलं जिरं वेचून ताटाच्या कडेला काढतात त्या घरांना हे रूप सोयीचं.

१ जुलै

उपवासाची बटाट्याची भाजी, एकादशीच्या आधी तालीम. हळद, हिंग, मोहरी नाही, म्हणजे जिऱ्याला आडोसा नाही. फोडणी बिघडली की भाजी बिघडली.

बटाटे ६०० ग्रॅम, सालासकट उकडून. तूप २ मोठे चमचे. जिरं दीड चमचा, एरवीपेक्षा जास्त, कारण दुसरं काही नाही. हिरव्या मिरच्या ४, दाण्याचं कूट ३ मोठे चमचे, साखर १ चमचा, शेंदेलोण, लिंबू अर्धं. कोथिंबीर चालणाऱ्या घरी वरून.

बटाटे गरम असताना चिरले तर कडा मोडतात आणि कढईत लगदा होतो. उकडून किमान दोन तास, जमल्यास रात्रभर गार ठेवलेले बटाटे घट्ट होतात, कारण पिष्ट गार होताना आवळतं. फोडी पाऊण इंचाच्या.

कुटाची वेळ फार जपावी. फोडणीबरोबर कूट घातलं की ते तूप शोषतं, तळाला लागतं आणि बटाटा कोरडा राहतो. बटाटे ५-६ मिनिटं परतून कडांना रंग आला की मग कूट, त्यानंतर दोनच मिनिटं. लिंबू गॅस बंद केल्यावर.

शेंदेलोण चमच्याने मोजू नये, वजनाने घ्यावं. खडा कमीजास्त कुटलेला असतो, त्यामुळे एकाच चमच्यात कधी ३ ग्रॅम बसतं तर कधी ५. या मात्रेला ६ ग्रॅम.

तूप कणीदार घरचं. पण लोणी नीट न कढवलेलं, तळाशी बेरी राहिलेलं तूप घेतलं तर बेरी जिऱ्याच्या आधी जळते. गाळून घेतलं.

४ जुलै, कांदेनवमी

घरात कांद्याचा आजचा शेवटचा दिवस, म्हणून तुलना उरकून घेतली. कोबीची एकच भाजी दोन कढयांत, एकीत कांदा, दुसरीत नाही. जिरं दोन्हीकडे १ चमचा.

अपेक्षा होती की बिनकांद्याच्या भाजीला वास कमी पडेल. तसं झालं नाही. वासाला ती पुरून उरते. कमी पडला तो अंगचा ओलसर गोडवा, भाजीला धरून ठेवणारा. म्हणजे जिरं वाढवून हा खड्डा बुजणार नाही. अर्धा चमचा साखर आणि २ मोठे चमचे ओलं खोबरं घातल्यावर बुजला. खोबरं नको असेल तर जाडसर कूट.

कोबी बारीक चिरलेला, झाकण न ठेवता ७ मिनिटं. झाकण ठेवलं आणि वेळ लांबवला की गंधकाचा तो वास सुटतो आणि मग जिरं, खोबरं, कोणीच कामाला येत नाही. मीठ पाचव्या मिनिटाला. आधी घातलं तर पाणी सुटून कोबी परतण्याऐवजी शिजतो.

६ जुलै, आषाढी एकादशी

रताळ्याचा कीस आणि खमंग काकडी. दोन्हीकडे तूप-जिऱ्याचीच फोडणी, तरी वागणूक उलट.

रताळं किसून ठेवलं की काळं पडतं. म्हणून फोडणी तयार ठेवून थेट कढईवर किसलं. बटाट्याच्या किसासारखं पाण्यात धुवायचं नाही, गोडवा जातो. मंद आच, झाकण, दर तीन मिनिटांनी उलथन्याने खालून वर. १० मिनिटं. ढवळत राहिलं तर कीस चिकट गोळा होतो.

काकडी कोचवलेली, किसलेली नाही. ३०० ग्रॅम. कूट ३ मोठे चमचे, साखर १ चमचा, लिंबू अर्धं, वरून १ मोठा चमचा तुपात अर्धा चमचा जिरं आणि एक मिरची. मीठ ताटं वाढताना. दहा मिनिटं आधी मीठ घातलेल्या वाटीत खाली पाणी, वर कुटाचा चिखल. काकडीचं देठाकडचं टोक कापून चाखावं, कडू निघाली तर ती काकडी बाजूला.

९ जुलै

भेंडी. बिघडली.

पद्धत नेहमीची होती : भेंडी धुऊन, पुसून, तासभर पंख्याखाली, मग चिरलेली. ३ मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, भेंडी, उघडी कढई, मध्यम-मोठी आच, १४ मिनिटं. भेंडी छान, तार मोडलेली, पण मागे कडवट चव. दाणे वेचून बघितले : जिरं काळं.

कारण लक्षात यायला वेळ लागला. फोडणी बरोबर होती, बदामी रंगावरच भेंडी पडली होती. पण भेंडीत फारसं पाणी सुटत नाही आणि जे सुटतं ते उघड्या कढईत उडून जातं. पाणी असेपर्यंत कढईचा ताप १०० अंशांच्या आसपास अडकलेला असतो. पाणी संपलं की जिरं पुन्हा तेलात तळलं जायला लागतं. म्हणजे फोडणी १५ सेकंदांची नव्हे, चौदा मिनिटांची झाली.

१० जुलै

भेंडी पुन्हा. या वेळी २ मोठे चमचे तेलात फक्त मोहरी, हिंग, हळद आणि भेंडी. आठव्या मिनिटाला ३ आमसुलं. आंबटाने तार लवकर मोडते. मीठ बाराव्या मिनिटाला. उतरवल्यावर शेजारच्या पळीत १ मोठा चमचा तेल, १ चमचा जिरं, वरून ओतलं आणि एकदाच हलवलं.

कडवटपणा गेला. जिरं दाताखाली कुरकुरीत. तेल एकूण तेवढंच, ३ मोठे चमचे, फक्त दोनदा वाटलेलं. कोरड्या, उघड्या परतायच्या सगळ्या भाज्यांना हीच पद्धत : भेंडी, कारल्याच्या काचऱ्या, कच्च्या बटाट्याच्या काचऱ्या.

१३ जुलै

आता याच्या दुसऱ्या टोकाची भाजी, दुधी. ६२० ग्रॅमचा दुधी साल आणि बिया काढून ४९० भरला. चिरण्याआधी दोन्ही टोकांचा कच्चा तुकडा चाखायचाच. कडू लागला तर पूर्ण दुधी टाकून द्यायचा, शिजवून कडूपणा घालवायच्या भानगडीत पडू नये. कडू दुधी पोटाला अपायकारक, रसाने तर माणसं गंभीर आजारी पडली आहेत.

तूप १ मोठा चमचा, जिरं १ चमचा, मिरच्या २, आलं अर्धा चमचा, पाव वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवलेली. पाणी अजिबात नाही, दुधी स्वतःचं सोडतो. झाकून १५ मिनिटं.

इथे जिरं जळण्याची भीती शून्य, पण दाणा शिजून मऊ होतो आणि वास वाफेबरोबर निघून जातो. झाकण उघडल्यावर सगळ्या घरात जिऱ्याचा वास, कढईत मात्र नाही. म्हणून शेवटी अर्धा चमचा भाजलेली पूड, गॅस बंद करून. पूड दहाव्या मिनिटाला घालून बघितली, तीही अशीच उडून गेली.

१७ जुलै

जिऱ्याला सर्द हवा लागली. फोडणीत टाकताच तडतडून तेल उडालं. उरलेलं जिरं बंद गॅसवरच्या कोमट तव्यात दहा मिनिटं पसरून ठेवलं, गार करून काचेच्या बरणीत. ओल्या चमच्याने जिरं काढणं बंद.

२८ आणि २९ जुलै

पहिला श्रावणी सोमवार आणि दुसऱ्या दिवशी नागपंचमी. पंचमीला चिरणं, तळणं, तव्यावर भाजणं टाळणाऱ्या घरांसाठी तयारी आदल्या दिवशीच झाली पाहिजे. सोमवारी लाल भोपळा ४०० ग्रॅम सालासकट चिरून १२ मिनिटं वाफवला, झाकून फ्रिजमध्ये. जिऱ्याची पूड ताजी केली.

मंगळवारी भोपळ्याचा गर चमच्याने खरवडून काढला, साल टाकलं. १ वाटी दही, मीठ, पाऊण चमचा पूड, अर्धा चमचा साखर. भोपळा उकडण्याऐवजी वाफवल्याने पाणी कमी, भरीत पळीवाढं होत नाही. दही आंबट असेल तर त्यात २ मोठे चमचे साय. फोडणी चालणाऱ्या घरी तूप-जिरं. न चालणाऱ्या घरी नुसत्या पुडीवरही भरीत उभं राहतं. खरं तर पुडीचंच जास्त आवडलं. थंड दह्यावर तुपाची फोडणी पडली की तूप गोठून पांढरे कण दिसतात.

३ ऑगस्ट

जिरेमिऱ्याची कढी, कोकण-गोव्याकडची. भाजी नव्हे, पण कच्च्या वाटलेल्या जिऱ्याला याहून चांगली जागा नाही.

ओलं खोबरं १ वाटी, जिरं १ चमचा, काळी मिरी ८ दाणे. आधी जिरं-मिरी कोरडी फिरवून घ्यायची, मग खोबरं आणि थोडं कोमट पाणी घालून गंधासारखं बारीक. सगळं एकदम फिरवलं तर खोबरं मिरीला पात्याखाली जाऊ देत नाही आणि अर्धे दाणे कढीत अख्खे सापडतात. दोनदा पिळून गाळलं. ६ आमसुलं अर्धी वाटी पाण्यात भिजवून त्याचं पाणी. एकूण कढी ४ वाट्या.

गरम करताना ढवळत राहायचं आणि कडेला वाफ दिसू लागली की उतरवायचं. उकळी फुटू दिलेल्या कढीत रस वेगळा, पाणी वेगळं. आमसुलाचं पाणी उतरवल्यावर घातलं तर फाटण्याचा धोका आणखी कमी. वरून तुपाची फोडणी, त्यात जिरं पाव चमचाच.

१० ऑगस्ट

आजवर एकेक पदार्थ तपासला. आज पूर्ण ताट वाढलं : तूप-जिऱ्याची बटाट्याची भाजी, दुधी, खमंग काकडी, जिरेमिऱ्याची कढी. एकेक चाखलं तर चारही चांगले. एकत्र जेवल्यावर तिसऱ्या घासापासून सगळं एकच लागायला लागलं.

दोन वेळा पदार्थ बदलून मांडणी केली. जमलेली अशी : अख्ख्या जिऱ्याची फोडणी ताटात एकाच पदार्थाला. भाजलेली पूड दुसऱ्या एकाला, शक्यतो दह्याच्या. तिसऱ्या पदार्थात जिरं नाहीच. बटाट्याला जिरं दिलं तर भोपळ्याच्या भरताला मोहरी आणि पाव चमचा मेथीदाणे. कढी जिऱ्याची असेल त्या दिवशी भाजी गवारीची, आणि गवारीला ओवा. गवारीला ओवा हा जुना जोड उगाच नाही, गवारीचा तुरटपणा जिऱ्याने झाकत नाही. ५०० ग्रॅमला ओवा पाऊण चमचा, हातावर चोळून फोडणीत, आणि बोटभर गूळ.

१४ ऑगस्ट

पाव किलोतलं जिरं ६० ग्रॅम उरलं. वाया गेलेलं : जळलेला पुडीचा घाणा आणि चार फोडण्या. पुढची खरेदी १०० ग्रॅमचीच करायची, पावसाळा संपेपर्यंत. गवारीची ओव्यावरची मात्रा एकदाच झाली आहे, शनिवारी पुन्हा.